मदत हवी आहे: ओसीटीत (डोळ्यातल्या थरांचा स्कॅन) नसेची सूज उतरली, पण फील्ड टेस्ट (मधली-कडेची नजर मोजणारी तपासणी) बिघडली. कसं समजायचं?

नमस्कार. वय 31, आयआयएचचं (डोक्यातला दाब ठोस कारण न सापडता वाढण्याचा आजार) निदान याच वर्षी झालं. एमआरआय आणि एमआरव्ही दोन्ही केले, गाठ नाही, मेंदूच्या शिरांत गुठळीही नाही. पाठीतून पाणी काढलं तेव्हा दाब 36 सेंमी भरला (25 च्या वर गेला की जास्त धरतात). दोन्ही डोळ्यांच्या नसांना सूज, डावीकडे अधिक. डायमॉक्स (तो दाब कमी करणारी गोळी) चालू आहे. बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात, सोडा प्यायला की तोंडात पत्रा चावल्यासारखं वाटतं, पण ते चालवून घेतेय. वजनही उतरतंय, सावकाश.

आता मुद्दा. डाव्या डोळ्याच्या ओसीटीत आरएनएफएलची (नसेच्या तंतूंचा थर) सरासरी जाडी 214 वरून 131 मायक्रॉनवर आली. तपासणाऱ्या ताई म्हणाल्या, 'छान, सूज उतरली.' मलाही पटलं, कारण डोकेदुखी कमी आहे आणि वाकून उठल्यावर डोळ्यांपुढे क्षणभर जो राखाडी पडदा यायचा, तो आता क्वचितच येतो. पण त्याच दिवशीच्या फील्ड टेस्टमध्ये एमडी (नजरेतली सरासरी घट, डेसिबलमध्ये; उणे जितका जास्त तितकं वाईट) -2.9 वरून -5.1 झालाय, नाकाकडच्या खालच्या कोपऱ्यात काळे चौकोन वाढलेत. तक्त्यावरची शेवटची ओळ मात्र न अडखळता वाचते, 6/6. डॉक्टरांकडे तुफान गर्दी होती. 'गोळ्या चालू ठेवा, तीन महिन्यांनी या' एवढंच बोलणं झालं.

सूज उतरतेय तर नजर का घटावी? आणि तीन महिने थांबू का? गूगल करून घाबरून झालंय, कृपया लिंका नकोत.

काजवा:
मी यातून गेलोय, म्हणून लिहितो. आरएनएफएलचा आकडा दोन कारणांनी खाली येतो. एक, सूज खरंच ओसरते. दुसरं, नसेतले तंतू मरतात आणि थर पातळ होतो. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात! निरोगी डोळ्यात सरासरी साधारण 90 ते 100 असते, म्हणजे तुमच्या 131 मध्ये सूज अजून आहे आणि तिच्याआड थोडं नुकसान लपलेलं असू शकतं. 'असू शकतं' म्हणतोय, 'आहे' नाही. त्याच ओसीटीत मॅक्युलाचं (पडद्याचा मधला भाग) वेगळं पान असतं, त्यावर गँग्लियन सेलच्या (नसेचे तंतू ज्यांतून निघतात त्या पेशी) थराची जाडी दिलेली असते. सूज कमीजास्त झाली तरी तो थर त्यामानाने स्थिर राहतो. तो आधीपेक्षा पातळ झाला असेल तर काळजीचं. सूज खूप असताना मशीन थरांच्या रेषा चुकीच्या आखतं, म्हणून पहिल्या रिपोर्टवर फार विसंबू नका.

6/6 वर तर अजिबात जाऊ नका. या आजारात मधली नजर शेवटपर्यंत टिकते, कडेची आधी जाते. डोकं दुखायचं थांबलं म्हणजे नस सुरक्षित, असंही नाही.

ठिपका_दिसला_की_बटण:
ताई, मी रोज रुग्णांची फील्ड टेस्ट घेते, त्यामुळे माझं लक्ष आधी कागदाच्या वरच्या कोपऱ्याकडे जातं. फिक्सेशन लॉस (नजर मधल्या खुणेवरून ढळणं), फॉल्स पॉझिटिव्ह (ठिपका नसताना बटण दाबणं), फॉल्स निगेटिव्ह (दिसायला हवा तो ठिपका हुकणं) किती आहेत ते बघा. दुसरा डोळा करेपर्यंत माणूस पेंगतो, पापणी खाली येते, आणि दोन डेसिबल असेच जातात. मात्र नाकाकडचा खालचा कोपरा ही सुजलेल्या नसेची ठरलेली जागा, म्हणून हे नुसतं दमल्यामुळे झालं असं मी म्हणणार नाही. टेस्ट लवकर परत करून घ्या, त्याच मशीनवर, त्याच प्रोग्रॅमवर.

काजवा:
+1. तीन महिने थांबू नका. दवाखान्यात फोन करून 'डाव्या डोळ्याचा एमडी -5.1 झालाय' असं आकड्यासकट सांगा, 'नीट दिसत नाही' म्हणाल तर लांबची तारीखच मिळेल. शक्य असेल तर न्यूरो-ऑफ्थॅल्मॉलॉजिस्ट (डोळ्याच्या नसेचे तज्ज्ञ) गाठा. डायमॉक्सचा डोस वाढवायला वाव असतो: 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या उत्तर अमेरिकेतल्या चाचणीत वजन घटवण्याच्या आहारासोबत दिवसाला 4 ग्रॅमपर्यंत दिलं होतं आणि नुसत्या आहारापेक्षा फील्ड अधिक सुधारलं. अर्थात ते डॉक्टर ठरवतील, स्वतः वाढवू नका. गोळ्यांनी भागलं नाही तर नसेच्या आवरणाला छेद देणं, शंट (पाणी दुसरीकडे वळवणारी नळी), स्टेंट (मेंदूची शीर उघडी ठेवणारी जाळी) हे पुढचे मार्ग आहेत. एका-दोन दिवसांत नजर झपाट्याने घसरली किंवा दोन-दोन दिसायला लागलं, तर फोनही नको, थेट इमर्जन्सीत जा.

आणि एक राहिलं. मुरुमांसाठी डॉक्सी, मिनोसायक्लिन किंवा आयसोट्रेटिनॉइन चालू आहे का? व्हिटॅमिन ए च्या गोळ्या? यांनीही डोक्यातला दाब वाढू शकतो, म्हणून विचारतोय.

धागाकर्ती:
दोघांचेही आभार. मुरुमांसाठी मिनोसायक्लिन घेत होते, निदान झालं तेव्हाच बंद केलं. फॉल्स निगेटिव्ह 4 टक्के, फिक्सेशन लॉस 1/14, म्हणजे टेस्ट बरी झालेली दिसते. गँग्लियन सेलचं पान फाइलमध्ये नाहीच, ते मागवलंय. दवाखान्याने परवाची वेळ दिली. गोळी घेतल्यावर मला फार थकवा येतो, तर टेस्ट सकाळी मागू का?

ठिपका_दिसला_की_बटण:
सकाळीच, आणि डावा डोळा आधी घ्यायला सांगा. एरवी उजव्यापासून सुरू करतात.