शब्दचर्चा : ‘स्ट्रिंग क्वार्टेट’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न

आमच्या श्रवणमंडळाच्या पुढच्या बैठकीत तान दुन या चिनी संगीतकाराची ‘घोस्ट ऑपेरा’ ही १९९४ सालची रचना ऐकायची आहे. दोन व्हायोलिन, व्हिओला, चेलो आणि सोबत पिपा हे चिनी वाद्य. मराठीत टिपण लिहायला बसले आणि पहिल्या ओळीतच अडले. यातल्या पहिल्या चार वाद्यांचा संच म्हणजे ‘स्ट्रिंग क्वार्टेट’. त्यासाठी ‘तंतुवाद्य-चतुष्टय’ लिहावे का? शिवाय यात चिनी आणि पाश्चात्त्य अभिजात संगीत एकत्र येते, त्याला ‘फ्यूजन’खेरीज कोणता शब्द बरा? ‘जुगलबंदी’ चालेल का?

प्रतिसाद

चतुष्टय बिनदिक्कत वापरा. साधनचतुष्टय, अंतःकरणचतुष्टय हे शब्द मराठीत मुरलेले आहेत. ‘चौकडी’ मात्र टाळा, तिच्यामागून ‘चांडाळ’ आल्याशिवाय राहत नाही. ‘चौघडा’ हा तर नगाऱ्यांचा संच, आणि ‘चतुरंग’ हा हिंदुस्थानी गायकीतला स्वतंत्र प्रकार. ते दोन्ही शब्द आधीच दुसऱ्या कामाला लागलेले आहेत.

प्रतिसाद

चतुष्टयाला माझा विरोध नाही, पण एक अडचण राहतेच. ‘क्वार्टेट’ म्हणजे वाजवणारे चौघे आणि त्यांच्यासाठी लिहिलेली रचनाही. क्रोनोस क्वार्टेट हे वादक. बीथोव्हेनच्या १६ क्वार्टेट या रचना. ‘बीथोव्हेनची १६ चतुष्टये’ असे लिहिले तर वाचणाऱ्याला काय कळणार?

अशा वेळी दुसऱ्या भाषांनी काय केले तेही पाहावे. चिनीत या प्रकाराला ‘शिएनयुए सीछोंगत्सौ’ म्हणतात. शिएनयुए म्हणजे तंतुसंगीत, सी म्हणजे चार, त्सौ म्हणजे वाजवणे. मधला ‘छोंग’ मला फार आवडतो: थर, पदर, एकावर एक येणे. म्हणजे तिथे माणसे मोजलेली नाहीत, वादनाचे पदर मोजलेले आहेत. मराठीत हे जसेच्या तसे जमते: चौपदरी वादन, चौपदरी रचना. हा शब्द आज महामार्गाने पळवला आहे, हे मान्य. पण दोऱ्याचे, गोफाचे पदर त्याआधीपासूनचे आहेत आणि या संगीताला तोच अर्थ लागू पडतो. चार सूर एकमेकांत गुंततात, तरी प्रत्येक वेगळा ओळखता येतो.

म्हणूनच ‘फ्यूजन’, ‘मिश्रण’, ‘संगम’ हे तिन्ही शब्द मला ‘घोस्ट ऑपेरा’साठी चुकीचे वाटतात. संगमानंतर कुठले पाणी कुठल्या नदीचे ते सांगता येत नाही. इथे बाखचे एक प्रिल्यूड येते आणि ‘शिआओ पाइत्साइ’ हे आई गेलेल्या मुलीचे चिनी लोकगीत येते, आणि दोन्ही शेवटपर्यंत स्वतःच्याच चेहऱ्याने वावरतात. मध्ये शेक्सपिअरच्या ‘टेम्पेस्ट’मधले शब्द उच्चारले जातात, पाणी, दगड, धातू आणि कागद वाजतात. बाख कुठे विरघळत नाही, ते गाणेही नाही. तान दुनला दोन काळ आणि दोन देश समोरासमोर उभे करायचे आहेत. माझा कौल ‘संवाद’ या शब्दाला. ‘जुगलबंदी’ नकोच: जुगल म्हणजे दोघे, शिवाय त्यात चढाओढीची छटा आहे आणि इथे तशी चढाओढ नाही.

याउलट जोउ लोंग या दुसऱ्या चिनी संगीतकाराची १९८२ची ‘साँग ऑफ द चिन’ घ्या. तिच्यात चिनी वाद्य एकही नाही. चार पाश्चात्त्य वाद्यांतूनच गुचिन (शीर्षकातले ‘चिन’) या सात तारांच्या चिनी वाद्याचा आवाज काढायचा आहे: बोटाने छेडलेली तार, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे, सुराला दिलेला झोल. गुचिनला पडदे नाहीत आणि व्हायोलिन घराण्यालाही नाहीत, त्यामुळे ते साधते. तिथे ‘संवाद’ म्हणता येणार नाही. चिनी वळण पाश्चात्त्य वाद्यांच्या हाडीमाशी उतरले आहे, तिथे मी ‘संस्कार’ म्हणेन. दोन्हींना एकच ‘फ्यूजन’ चिकटवले की नेमका हा फरक पुसला जातो, आणि ऐकणाऱ्याने तोच तर ऐकायचा असतो.

प्रतिसाद

शीर्षकातल्या ‘ऑपेरा’कडेही पाहा. वाचणाऱ्यांच्या मनात लगेच इटालियन गायक-गायिका उभ्या राहतील, आणि इथे तसे काही नाही. तान दुन हुनान प्रांतात वाढले. तिथल्या खेड्यांतल्या, पूर्वजांशी आणि आत्म्यांशी बोलणाऱ्या विधींचा हा धागा आहे. आपल्याकडे गोंधळ-जागरणाला अभ्यासक ‘विधिनाट्य’ म्हणतात, तो शब्द इथे चपखल बसतो. शीर्षक मूळचेच ठेवा आणि पुढे स्वल्पविराम देऊन ‘म्हणजे आत्म्यांशी संवादाचे विधिनाट्य’ असे लिहा.

मूळ प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. वादकांसाठी ‘क्वार्टेट’च ठेवते, रचनेसाठी ‘चौपदरी रचना’ लिहिते. ‘संवाद’ आणि ‘संस्कार’ हा भेद फारच उपयोगी आहे, टिपणात त्यावर एक परिच्छेद लिहीन. आता शेवटचे: पिपाच्या वादनाबद्दल लिहिताना आपले शब्द वापरावेत का? ‘मींड’ म्हटले तर आगाऊपणा होईल का?

प्रतिसाद

मी सतार शिकते, म्हणून सांगते: वापरा, पण जपून. पिपाला पडदे आहेत आणि तार पडद्यावर आडवी ताणून सूर चढवतात. सतारीवर आपण हेच करतो, त्यामुळे तिथे ‘मींड’ अगदी योग्य. उजव्या हाताच्या पाचही बोटांना नख्या लावून तार अखंड झंकारत ठेवतात, त्याला मात्र ‘झाला’ म्हणू नका. सतारीच्या झाल्यात चिकारी, म्हणजे बाजूच्या तारांचा झणकार हवा, लयीची चौकट हवी. तिथे चिनी शब्दच ठेवा: लुनचिह्, म्हणजे फिरती बोटे.

आणि ‘पिपा’ या नावाबद्दल दोन ओळी जरूर लिहा. जुन्या चिनी व्युत्पत्तिकोशात हा शब्द हाताच्या दोन आघातांवरून आला असे सांगितले आहे: पुढे सारलेला तो ‘पि’, मागे ओढलेला तो ‘पा’. आपल्या ‘दा’ आणि ‘रा’ या बोलांसारखेच हे, फक्त त्यांनी बोलांवरून वाद्याचेच नाव ठेवले. मंडळातल्या सतारियांना हे वाचून पिपा लगेच जवळची वाटेल.

ही रचना क्रोनोस क्वार्टेट आणि पिपावादक वू मान यांच्यासाठी लिहिली गेली. हेच कलाकार आशा भोसले यांच्याबरोबर राहुल देव बर्मन यांच्या गाण्यांच्या २००५च्या ध्वनिमुद्रिकेत आहेत, तबल्यावर झाकिर हुसेन. बैठकीला थोडा वेळ उरला तर त्यातले एखादे गाणे आधी लावा, म्हणजे पिपाचा आवाज कानाला ओळखीचा होईल. त्यानंतर ‘घोस्ट ऑपेरा’तली पाण्याची सुरुवात लावली तरी कुणी बिचकणार नाही.