मदत हवी आहे: शिक्षकांच्या प्रशिक्षणाच्या तारखा पालकांना आधी कळू शकतात का? (मिरज तालुका)

नमस्कार.

मी मिरजेत एका खासगी हॉस्पिटलमध्ये स्टाफ नर्स आहे. नवरा कुपवाड एमआयडीसीत, शिफ्टला. राहतो मिरज तालुक्यातल्या एका गावात. मुलगा जिल्हा परिषदेच्या शाळेत, आता तिसरीत जाईल. मुलगी सीबीएसईच्या शाळेत सातवीला, स्कूलबसने जाते. घरात आम्ही चौघंच. सासू-सासरे तासगाव तालुक्यात असतात, त्यांची द्राक्षबाग आहे.

१५ जून यंदा (२०२५) रविवारी आलाय, म्हणून मुलाची शाळा सोमवारी १६ जूनला उघडेल. त्याआधी वर्षभराचं काहीतरी बसवावं म्हणून हा धागा काढतेय.

सुट्ट्यांची यादी मिळते, त्याबद्दल तक्रार नाही. दिवाळी, मे महिना, बेंदूर, नागपंचमी हे सगळं धरून चालता येतं. यंदा गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला आणि दुसऱ्या दिवशी तासगावच्या गणपतीचा रथोत्सव, म्हणजे ते दोन दिवस मुलं आजीकडे. हे मी आत्ताच लिहून ठेवलंय. दसरा आणि गांधी जयंती एकाच दिवशी आल्यात, तेही बघितलं. पावसाळ्यात पुराची सुट्टी जिल्हाधिकारी संध्याकाळी उशिरा जाहीर करतात, पण तीसुद्धा आम्हाला अचानक वाटत नाही. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीकडे सरकायला लागलं की आम्ही ठरवायला लागतो उद्या घरी कोण राहणार. २०१९ नंतर सांगली-मिरजेतल्या प्रत्येक घराला ती सवय लागली आहे.

अडतं ते शिक्षकांच्या प्रशिक्षणाच्या दिवसांवर. ते कुठल्याच यादीत नसतात. कारण कागदावर त्या दिवशी शाळा चालू असते.

या फेब्रुवारीतली गोष्ट सांगते. शनिवार, सकाळची शाळा. मी नाईट संपवून थेट शाळेवर जाणार होते, सुटायच्या वेळेला, अकराला. पोचले तर गेटला कुलूप. शिक्षण परिषद होती म्हणून साडेनऊलाच शाळा सोडली होती. मेसेज आदल्या रात्री पावणेअकराला ग्रुपवर आला होता, तेव्हा मी आयसीयूत होते आणि फोन लॉकरमध्ये. मुलगा मारुतीच्या देवळाच्या कट्ट्यावर दप्तर मांडीवर घेऊन दीड तास बसून होता. रडला नव्हता. "तू येणार म्हणाली होतीस ना, म्हणून कुठं गेलो नाही," एवढंच म्हणाला. घरी आल्यावर मला झोप लागली नाही.

त्यानंतर मार्चमध्ये तालुक्याला पाच दिवसांचं क्षमतावृद्धी प्रशिक्षण झालं. त्याच्या शाळेचे चारपैकी दोन शिक्षक पाच दिवस तिकडे. दोन वर्ग एकत्र बसवले, आणि त्यातला एक दिवस मधल्या सुट्टीनंतर सोडून दिलं. मी शिक्षकांना दोष देत नाही, त्यांनाही पत्र ऐन वेळी आलं असणार. प्रशिक्षण नको असंही माझं म्हणणं नाही. आम्हा नर्सेसची ट्रेनिंग होतात, त्यातून मी शिकले आहे. बाईंनी काही नवीन शिकून आल्यावर मुलगा घरी येऊन काठ्यांचे दशक-एकक करून दाखवतो, मला ते आवडतं.

पण माझी ड्युटी लिस्ट महिन्याच्या २० तारखेला पुढच्या महिन्याची लागते. त्याआधी सांगितलं तर इन्चार्ज सिस्टर ऑफ बदलून देतात. नंतर बदली शोधायची तर दुसऱ्या कुणालातरी डबल ड्युटी पडते. सासूबाई बोलावलं की येतात, पण फेब्रुवारी-मार्च म्हणजे द्राक्षाची तोड आणि बेदाण्याचं शेड. नेमकी तेव्हाच प्रशिक्षणं. त्यात मुलीची शाळा १ एप्रिललाच नव्या वर्षाची सुरू होते आणि मुलाची परीक्षा यंदा २५ एप्रिलपर्यंत चालली. दोन पोरांची दोन वेगळी वर्षं आहेत आमच्या घरात.

तर विचारायचंय ते असं. या तारखा ठरवतं कोण, आणि किती आधी ठरतात? पालकाने कुणाला विचारलं तर कळतील? आणि ज्यांच्या घरी दोघंही शिफ्टला आहेत, ते या दिवसांत मुलांचं काय करतात?

प्रतिसाद (प्राथमिक शिक्षक, वाळवा तालुका)

ताई, तुमचं वाचून वाईट वाटलं. शाळेच्या आतलं जेवढं माहीत आहे तेवढं सांगतो.

तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एकत्र धरल्या आहेत. शिक्षण परिषद वेगळी, प्रशिक्षण वेगळं.

शिक्षण परिषद केंद्राची, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाची असते, साधारण महिन्यातून एकदा. केंद्रातल्या सगळ्या शाळांचे शिक्षक एका शाळेत जमतात. कोणत्या महिन्यात कोणत्या शाळेत, हे बहुतेक केंद्रांत वर्षाच्या सुरुवातीलाच ठरतं. तारीख पुढेमागे होते, पण महिना आणि वार सहसा बदलत नाही. म्हणजे तुमच्याबाबतीत जे शनिवारी घडलं ते आधी कळू शकणारं होतं. जूनच्या शेवटी मुख्याध्यापकांना किंवा केंद्रप्रमुखांना भेटा आणि "परिषदेचं वर्षाचं नियोजन" मागा.

प्रशिक्षणाचं तसं नाही. ते पुण्याहून राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेकडून निघतं, मग डाएटकडे, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेकडे, तिथून पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे, मग केंद्रप्रमुख, मग आम्ही. प्रत्येक टप्प्यावर दोन-तीन दिवस जातात. मला एकदा सोमवारच्या प्रशिक्षणाचं पत्र शनिवारी दुपारी मिळालं होतं. मात्र बॅचच्या याद्या तालुक्याला जरा आधी तयार असतात. पहिली बॅच सुरू झाली की दुसऱ्या-तिसऱ्या बॅचला कोण आहे हे शाळेला माहीत असतं. पहिली बॅच सुरू झाल्याचं कुठूनही कानावर आलं की लगेच बाईंना विचारा, तुमची बॅच कितवी.

शाळा अधिकृतपणे बंद का ठेवत नाहीत, तर शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीला वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास शिकवणं भरावं लागतं, सहावी ते आठवीला २२० दिवस आणि १००० तास. म्हणून बॅचा पाडायच्या आणि राहिलेल्यांनी शाळा ओढायची. चार शिक्षकी शाळेत ते जमतं. माझी शाळा द्विशिक्षकी आहे. एक जण गेला की दुसऱ्याने चार वर्ग, पोषण आहार, ऑनलाइन माहिती हे सगळं बघायचं.

यंदा आणखी एक धरून ठेवा. स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका चार महिन्यांत घ्या असं सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ ला सांगितलंय. निवडणुकीचं प्रशिक्षण वेगळं, आणि मतदानाच्या आदल्या दिवशी आम्ही साहित्य घेऊन मतदान केंद्रावर जातो ते वेगळं. विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबर २०२४ ला होतं, पण बऱ्याच शिक्षकांचा १९ तारखेचाही दिवस त्यातच गेला.

सगळीच प्रशिक्षणं शाळेच्या दिवसांत होतात असंही नाही. वरिष्ठ आणि निवड वेतनश्रेणीसाठी लागणारं प्रशिक्षण यंदा जूनमध्ये, सुट्टीतच आहे. माझं स्वतःचं मत विचाराल तर पाच दिवसांचं मोठं प्रशिक्षण जूनच्या दुसऱ्या आठवड्यात व्हावं, शाळा उघडायच्या आधी. फेब्रुवारीत शिकून आलेलं वर्गात वापरायला वर्षच उरत नाही.

प्रतिसाद (पालक, कराड)

आमच्याकडेही दोघं नोकरीला. मी बँकेत, बायको एसटीत. सांगलीचं माहीत नाही, आमच्या सातारा जिल्ह्यात डाएट फलटणला आहे, पण पत्रं येण्याची रीत सर म्हणतात तीच.

मी हिशोबाचा माणूस, म्हणून हिशोब सांगतो. माध्यमिक शाळा संहितेप्रमाणे वर्षाच्या सगळ्या सुट्ट्या मिळून ७६ च्या वर जायच्या नाहीत आणि कामाचे दिवस किमान २३० भरायचे. ३६५ मधून ५२ रविवार गेले, ७६ सुट्ट्या गेल्या, राहतात २३७. म्हणजे शाळेच्या हातात जेमतेम सात दिवस मोकळे. सुट्टी जाहीर करायला मुख्याध्यापक का कचरतात आणि शाळा "लवकर सोडतात" का, ते यातून कळतं. आपल्याला मात्र लवकर सोडणं हे सुट्टीपेक्षा अवघड पडतं. सुट्टी असली तर मूल सकाळीच कुणाकडे तरी ठेवता येतं.

मी दोन वर्षं एका वहीत फक्त यादीबाहेरचे दिवस लिहिले. गेल्या वर्षी तेरा निघाले, त्यातले सात फेब्रुवारी-मार्चमधले. त्यामुळे यंदा आम्ही रजेची वाटणी केली. माझ्या किरकोळ रजेतले चार दिवस फेब्रुवारी-मार्चसाठी राखून, बायकोचे तीन. दिवाळीत आम्ही रजा घेतच नाही, तेव्हा मुलं आजोळी. लागल्या नाहीत तर एप्रिलमध्ये वापरू.

आणखी एक. उन्हाळ्याची किंवा दिवाळीची सुट्टी थोडी कमी करून ती गणपतीत किंवा नाताळात घ्यायची मुभा शाळांना असते, शिक्षणाधिकाऱ्यांच्या परवानगीने. तुमच्या मुलीची आणि मुलाची सुट्टी गणपतीत जुळत नसेल तर मुख्याध्यापकांना जूनमध्येच विचारून ठेवा ते काय करणार आहेत.

प्रतिसाद (आई, पलूस तालुका)

मी आमच्या गावच्या शाळेच्या शाळा व्यवस्थापन समितीत आहे. बहिणी, तुझ्या मुलासारखंच आमच्या गावातली एक मुलगी मागच्या वर्षी पावसात शाळेच्या पायरीवर बसली होती. तिची आई कारखान्याच्या ऑफिसात.

समितीत ७५ टक्के पालक असतात, निम्म्या बायका असाव्यात असा कायदाच आहे. आपण तिथे तोंड उघडायचं असतं. आम्ही तीन ठराव केले. प्रशिक्षणाचं किंवा परिषदेचं पत्र आलं की त्याच दिवशी फळ्यावर लिहायचं आणि मुलाच्या वहीत लिहून द्यायचं, नुसता ग्रुपवर मेसेज नाही. ज्या पालकाची पोच आली नाही त्याला मुख्याध्यापकांनी फोन करायचा. आणि वेळेआधी शाळा सोडली तर चौथीपर्यंतचं मूल घरचं कुणी आल्याशिवाय आवाराबाहेर सोडायचं नाही. सेविका मावशी थांबतात, त्यांना आम्ही पालक मिळून वर्गणीतून थोडे पैसे देतो.

पहिल्या बैठकीत सरांना वाटलं आम्ही तक्रार घेऊन आलोय. नंतर तेच म्हणाले, मलाही घोर असायचा.

मुख्याध्यापकांच्या अधिकारातल्या सुट्ट्या असतात, त्या कधी घेणार हेही बैठकीत विचारता येतं. आमच्याकडे एक गावच्या यात्रेला जाते, दुसरी आम्ही जानेवारीपर्यंत राखून ठेवायला सांगितली.

मुलांना ठेवायचं म्हणशील तर आमच्या गल्लीत चार घरांनी मिळून ठरवलंय. ज्याचा त्या दिवशी ऑफ त्याच्याकडे चारही पोरं. जेवण ज्याचं त्याने डब्यात द्यायचं, म्हणजे कुणावर भार नाही. तुझ्या हॉस्पिटलमधल्या अजून दोघी-तिघी जवळ राहत असतील तर बघ. नर्सेसचे ऑफ वेगवेगळ्या दिवशी असतात, उलट तुम्हाला हे जास्त जमेल. फक्त नाईट करून आलेलीकडे पोरं ठेवू नका. ती झोपणार, आणि झोपलंच पाहिजे तिने.

धागा काढणारी

सर, दादा, ताई, तिघांचेही मनापासून आभार. मी हे सगळं नवऱ्याला वाचून दाखवलं. परिषद आणि प्रशिक्षण वेगळं असतं हेच मला इतके दिवस माहीत नव्हतं.

काल मुख्याध्यापकांना फोन केला. सुट्टीत फोन केला म्हणून आधी माफी मागितली. परिषदेचं वर्षाचं नियोजन १६ जूननंतर देतो म्हणाले. मुलाला वेळेआधी बाहेर न सोडण्याबद्दल त्यांनी स्वतःहून विषय काढला, त्या शनिवारचं त्यांनाही लागून राहिलं होतं. समितीची नवीन निवड जुलैत आहे, मी नाव देणार आहे.

आमच्या मजल्यावरच्या दोन सिस्टर याच रस्त्याला राहतात. तिघींचे ऑफ वेगळे ठेवायला इन्चार्जना विचारलं, जुलैच्या लिस्टपासून बघू म्हणाल्या. कराडच्या दादांची वही मी आजपासून सुरू केली. पहिल्या पानावर फेब्रुवारीचा तो शनिवार लिहिला आहे.

एकच राहिलं. निवडणूक किंवा मोठं प्रशिक्षण लागलं की मिरज पंचायत समितीत बॅचच्या याद्या फलकावर लावतात का, की त्या फक्त केंद्रप्रमुखांकडेच असतात? माझं हॉस्पिटल तिथून जवळ आहे, ड्युटी संपवून जाऊन बघून येणं मला जमेल. मिरज तालुक्यातल्या कुणी शिक्षकांनी सांगितलं तर फार मदत होईल.