छुसॉक: ‘कोरियन थँक्सगिव्हिंग’ की नवान्न?

प्रश्न: मुलांच्या अंकासाठी कोरियातल्या सणांवर लिहिते आहे. जिकडेतिकडे छुसॉकची ओळख ‘कोरियाचं थँक्सगिव्हिंग’ अशी दिलेली दिसते. मराठीत काय लिहावं? आणि ‘चुसोक’ की ‘छुसॉक’?

उत्तर: ताई, थँक्सगिव्हिंग (अमेरिकेतला सुगीनंतर आभार मानण्याचा सण) कृपया नको. खुद्द कोरियन भाषेत त्या सणाला ‘छुसू गाम्साजॉल’ हा वेगळा शब्द आहे आणि तिथली प्रॉटेस्टंट चर्चेस तो नोव्हेंबरात वेगळा साजरा करतात. दोन्ही नावांत ‘छु’ आहे, म्हणजे शरद. छुसॉक म्हणजे शरदातली संध्याकाळ. जुनं देशी नाव ‘हानगावी’: ‘हान’ म्हणजे मोठा, ‘गावी’ म्हणजे मध्य. आठव्या चांद्र महिन्याचा मध्य, अर्थात पौर्णिमा.

या ‘गावी’चा धागा ‘गाबे’ या शब्दाशी जोडतात. ‘साम्गुक सागी’ या ११४५ च्या इतिहासग्रंथात त्याची सुंदर हकीकत आहे. कोरियातल्या प्राचीन सिल्ला राज्यात युरी राजाने राजधानीतल्या बायकांचे दोन गट केले, प्रत्येकाची पुढारी एक राजकन्या. महिनाभर कापड विणायचं, आठव्या महिन्याच्या पौर्णिमेला मोजदाद, आणि हरलेल्यांनी जिंकलेल्यांना जेवण द्यायचं. मग रात्री गाणी आणि नाच. यालाच ‘गाबे’ म्हणत. मुलांच्या अंकात हे जरूर घ्या.

सणाचा गाभा मात्र पूर्वज. आधी काही आठवडे थडग्यांवरचं गवत कापतात (बॉलछो). सणाच्या सकाळी नव्या तांदळाचे पदार्थ आणि फळं पितरांपुढे मांडतात (छारये), मग थडग्यांवर जाऊन नमस्कार. तीळ, चवळीसारखी कडधान्यं किंवा चेस्टनट भरलेले, पाइनच्या सुयांवर उकडलेले अर्धचंद्री ‘सोंगप्यॉन’ घरोघरी होतात. ‘सोंग’ म्हणजे पाइन. मुलांना उकडीची करंजी म्हटलं की लगेच कळेल.

दुसरं उत्तर: मग सरळ ‘कोरियन नवान्न पौर्णिमा’ का नको? कोकणात कोजागरीला नवान्न पौर्णिमाच म्हणतात, दाराला भाताच्या लोंब्यांचं नवं बांधतात. २०२५ मध्ये तर छुसॉक आणि कोजागरी दोन्ही ६ ऑक्टोबरला आली.

उत्तर: शब्द जवळचा आहे, पण त्यात पितर येत नाहीत. शिवाय दरवर्षी आश्विन जुळत नाही. २०२३ मध्ये छुसॉक २९ सप्टेंबरला, भाद्रपद पौर्णिमेला होता, म्हणजे आपला पितृपक्ष सुरू होत होता तेव्हा. अधिक महिना दोन्ही पंचांगांत वेगवेगळ्या वेळी पडतो, म्हणून हा फरक. माझ्या मते नाव ‘छुसॉक’च ठेवावं आणि पहिल्या उल्लेखात कंसात ‘नवान्नाचा आणि पितरांचा सण’ लिहावं. ‘च’ नको, कारण मराठी वाचक तो ‘चंद्र’मधल्यासारखाही वाचेल किंवा ‘चटका’तल्यासारखाही. कोरियन उच्चार महाप्राण आहे, तो ‘छ’नेच नीट उतरतो. ‘ओ’पेक्षा ‘ऑ’ जवळचा.