मदत हवी आहे: ६० अंशांवर कॅल्शियमसोबत कोणता बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) चालेल?

बॅसिलस जिवाणूच्या अल्फा-अमायलेजची (स्टार्च तोडणाऱ्या एन्झाइमची) स्थिरता तपासतोय: ६० अंश सेल्सिअस, पीएच ७. कॅल्शियमशिवाय सक्रियता झपाट्याने घसरते, म्हणून ५ मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड घालायचंय. फॉस्फेट बफरमध्ये ते पडताच पांढुरका गढूळपणा येतो, कॅल्शियम फॉस्फेटचा साका खाली बसतो. सायट्रेट कॅल्शियमलाच धरून ठेवतं, तेही बाद. ट्रिस बफर वापरून पाहिला, पण त्याचा पीएच दर अंशामागे साधारण ०.०३ ने उतरतो. २५ ला ७ लावला तर ६० ला जेमतेम ६! मग घट उष्णतेमुळे की आम्लतेमुळे, कसं ओळखणार? एन्झाइम डायलिसिस केलेलं (पडद्यातून लहान रेणू काढून टाकलेलं) आहे, कॅल्शियम पकडणारं ईडीटीए कुठेच नाही. मोजणी डीएनएस पद्धतीने (सुटलेली साखर रंगावरून मोजून), एन्झाइमविना कंट्रोल ठेवूनच. आमचं पीएच मीटर मात्र ६० अंशांवर चालत नाही. हेपेस किंवा मॉप्स हे बफर या तापमानाला कुणी वापरलंय का, आणि ६० ला ७ मिळायला २५ ला पीएच किती लावावा?