ताठरतेची गोळी: खात्रीची आणि परवडणारी कुठे मिळाली? (अनुभव धागा)

गोदाकाठ
मंडळी, शुगर, बीपी, सिगारेट, प्रोस्टेटचं ऑपरेशन, नोकरीचा ताण, कारण काहीही असो, लिंगाला ताठरता न येण्याचा त्रास असलेला माणूस आपल्या प्रत्येकाच्या ओळखीत असतोच आणि तरी कोणी कोणाला विचारत नाही की बाबा तू औषध कुठून घेतोस, केवढ्याला पडतं. मेडिकलवर गर्दी असताना तोंड उघडत नाही, मग माणूस लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या जाहिरातीवरचा नंबर फिरवतो आणि तिथे हजारो रुपये जातात. या त्रासावरच्या सिल्डेनाफिल आणि टाडालाफिल या दोन्ही गोळ्या आपल्याकडे ढिगाने बनतात, इथून जगभर जातात, आणि आपलीच माणसं लाजेपायी महागात घेतात याचं मला मनापासून वाईट वाटतं. ज्यांनी घेतलंय, ज्यांच्या घरात घेतात, जे विकतात, सगळ्यांनी लिहा. डॉक्टरांची, दवाखान्यांची नावं नकोत. टिंगल तर अजिबात नको.

खानदेशी_वारा
वय ५६, शुगर जुनी. आमच्या फॅमिली डॉक्टरांना सरळ सांगितलं, त्यांनी जराही तोंड वाकडं केलं नाही, उलट म्हणाले बरं झालं बोललात, लिंगाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्यापेक्षा बारीक असतात त्यामुळे बिघाड कधीकधी आधी तिथे दिसतो. म्हणून गोळीच्या आधी तीन महिन्यांची शुगर, कोलेस्टेरॉल, बीपी, ईसीजी सगळं करून घेतलं. मग सिल्डेनाफिल ५० मिलीग्रॅम लिहून दिली. मेडिकलवाल्याने नावाजलेल्या कंपनीची दिली, ती महिन्याच्या खर्चात टोचायला लागली. पुढच्या वेळी डॉक्टरांना म्हणलं साहेब कंपनीचं नाव नको, औषधाचं नाव लिहा, आणि ती चिठ्ठी घेऊन तालुक्याच्या जनऔषधी केंद्रात गेलो. तिथे किंमत निम्म्याहून खाली आली. गुण तोच. कधी साठा संपलेला असतो म्हणून मी गोळ्या संपायच्या आधीच फोन करून विचारतो. आणि एक, शुगर आटोक्यात आली तसा गोळीचा गुणही वाढला, हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं.

सांगलीचा_फार्मासिस्ट
मी काउंटरच्या आतला माणूस. ही गोळी शेड्यूल एच मध्ये आहे, म्हणजे डॉक्टरांची चिठ्ठी लागतेच. शटर ओढायच्या वेळेला गिऱ्हाईक येतं, इकडेतिकडे बघतं आणि हळूच म्हणतं 'ते पॉवरचं द्या'. मी त्यांना बाजूला घेऊन पहिलं विचारतो, हृदयाचं काही चालू आहे का, जिभेखाली ठेवायची गोळी खिशात असते का. सॉर्बिट्रेट किंवा कुठलंही नायट्रेट (छातीत दुखण्यावरचं औषध) चालू असेल तर सिल्डेनाफिल, टाडालाफिल दोन्ही बंद म्हणजे बंद, बीपी असं कोसळतं की जीव जाऊ शकतो. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिनसारखी गोळी चालू असेल तर तेही डॉक्टरांना सांगायचं, तिथेही बीपी उतरतं.

आता पैशांचं. अमेरिकेत व्हायग्राला, म्हणजे सिल्डेनाफिलच्या मूळ ब्रँडला, मान्यता मिळाली १९९८ मध्ये. आपल्या कायद्यात २००५ पर्यंत औषधावर पेटंट नव्हतं, फक्त बनवायच्या पद्धतीवर होतं, त्यामुळे आपल्या कंपन्यांनी वेगळ्या पद्धतीने हे औषध बनवलं आणि भाव पडले. आज एकाच कंटेंटच्या, म्हणजे आतलं औषध तेच असलेल्या, डझनावारी कंपन्या आहेत आणि छापील किमतीत जमीनअस्मानाचा फरक आहे. नुसतं विचारा, 'याच कंटेंटमध्ये स्वस्त कंपनी कुठली?' विचारल्याशिवाय फार थोडे दुकानदार स्वतःहून सांगतात, हे मी याच धंद्यात असून लिहितोय. दुसरं म्हणजे १०० ची गोळी ५० च्या दुप्पट किमतीला नसते, त्यामुळे काही डॉक्टर १०० लिहून अर्धी घ्यायला सांगतात. डॉक्टरांनी सांगितलं तरच हं. आणि बिल घ्या, बॅच नंबर बघा. सुटी, वेष्टनाशिवायची गोळी फुकट मिळाली तरी नको.

मोगरा_गच्चीवरचा
मी बायकोच्या बाजूने लिहिते. ह्यांची अँजिओप्लास्टी झाल्यावर हे गप्पच झाले, जवळ यायचेच नाहीत, मला वाटायचं माझंच काही चुकतंय का. शेवटी तपासणीच्या वेळी मीच डॉक्टरांना विचारलं, हे तिथेच बसले होते, कान लाल झाले होते पण उठून गेले नाहीत. डॉक्टरांनी विचारलं, दोन जिने न थांबता चढता का, दम लागतो का, छातीत दुखतं का. तेव्हा नायट्रेट चालू होतं म्हणून ही गोळी नाही म्हणाले. पुढे काही महिन्यांनी डॉक्टरांनी स्वतःच नायट्रेट बंद केलं, स्ट्रेस टेस्ट घेतली आणि मग कमी डोस, २५ ने सुरुवात करून दिली. तेवढे महिने थांबलो, काही बिघडलं नाही, उलट बोलायला लागलो आम्ही एकमेकांशी. खर्चाचं म्हणाल तर गोळ्यांना फार लागतच नाही, महिन्यातून किती लागणार. बायकांनो, तुम्ही विचारा. आपण विचारलं की त्यांचं ओझं अर्धं होतं.

मिरज_टू_जर्सी
इथे अमेरिकेत आधी ब्रँडची एक गोळी कित्येक डॉलरला आणि बऱ्याच इन्शुरन्समध्ये ती बसतच नाही. २०१७ च्या डिसेंबरमध्ये जेनेरिक (तेच औषध, ब्रँडशिवाय) आलं आणि चित्र बदललं. एकाच गावातल्या दोन फार्मसींत भाव वेगळा असतो म्हणून कूपनवाल्या अ‍ॅपवर भाव बघूनच जा, इन्शुरन्सशिवाय रोख दिलेले कधीकधी स्वस्त पडतात. फुप्फुसातल्या रक्तदाबासाठी सिल्डेनाफिलचीच २० मिलीग्रॅमची गोळी असते, माझ्या डॉक्टरांनी तीच लिहून किती घ्यायच्या ते सांगितलं, ते सगळ्यात स्वस्त पडलं. इंग्लंडातला मावसभाऊ सांगतो की तिकडे २०१८ पासून ५० ची गोळी फार्मासिस्ट प्रश्न विचारून चिठ्ठीशिवाय देतो.

परळचा_पोरगा
वय २८, लग्नाला वर्ष व्हायचंय. मित्र म्हणाले पॉवरची घे. मी आधी मोठ्या सरकारी हॉस्पिटलच्या ओपीडीत गेलो, केसपेपरचे किरकोळ पैसे, रांग मात्र मोठी. डॉक्टरांनी विचारलं सकाळी उठताना ताठरता असते का, म्हणलं असते. म्हणाले मग रक्तपुरवठा बहुतेक ठीक आहे, भीती आहे. चाचण्या नॉर्मल आल्या. मोजक्या गोळ्या दिल्या आणि दोघांना समुपदेशनाला बोलावलं. आता गोळी लागत नाही. माझ्या वयाच्या पोरांनो, आधी तपासून घ्या रे.

कृष्णेकाठचा
माझ्या काकांचं लिहितो. 'शंभर टक्के आयुर्वेदिक' कॅप्सूल, कुरिअरने, एका कोर्सचे पैसे ऐकून मी हादरलो. घेतली की काम व्हायचं पण डोकं ठणकायचं, चेहरा लाल व्हायचा, एकदा चक्कर येऊन पडले. डॉक्टरांनी डबी बघून सांगितलं की अशा 'हर्बल' मालात गुपचूप सिल्डेनाफिल मिसळलेलं सापडतं, किती ते कोणालाच माहीत नसतं. काकांना बीपीच्या दोन गोळ्या चालू! लैंगिक दुर्बलता बरी करतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, तरी भिंती रंगलेल्याच. तेवढ्या पैशात डॉक्टरांची फी, सगळ्या चाचण्या आणि वर्षभराच्या गोळ्या झाल्या असत्या.

गोदाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. सांगलीकर, एक विचारायचं राहिलं. काहीजण म्हणतात गोळी घेतली पण काहीच झालं नाही, माल खोटा. असं असतं का?

सांगलीचा_फार्मासिस्ट
खोटा माल असतोही, पण बिलाने घेतलेली असेल तर बहुतेक वेळा घेण्याची पद्धत चुकते दादा. सिल्डेनाफिल साधारण तासभर आधी, आणि मटणाचं जेवण झाल्यावर घेतली की उशिरा चढते. टाडालाफिलला जेवणाची अडचण नाही, तिचा असर ३६ तासांपर्यंत राहतो. दोन्ही गोळ्या इच्छा आणि स्पर्श असेल तरच काम करतात, नुसतं घड्याळ बघत बसून होत नाही. दारू जास्त झाली तर काम बिघडतं. पहिल्यांदा गुण आला नाही म्हणून लगेच दुसरी घेऊ नका, दिवसाला एकच, आणि डॉक्टरांना परत भेटून डोस ठरवा. ताठरता चार तासांवर राहिली तर लाजत घरी बसू नका, सरळ हॉस्पिटलला जा.