जुनी पत्रं, डायऱ्या, फोटो : एकट्याने आवरताना

शाईचा_डाग
माळ्यावरचं खोकं खाली आलं आणि दौतीच्या शाईचा तो वास... असो. घरात एकटं माणूस असलं की हे काम दुपारी निघतं आणि पहिल्याच पत्रापाशी अडतं. म्हणून एकच पथ्य: लावताना वाचायचं नाही. तारीख आणि अक्षर बघायचं, गठ्ठ्यात टाकायचं. तारीख नसेल तर पाकिटावरचा शिक्का उपयोगी पडतो, त्यामुळे पाकिटं फेकू नका. तुम्ही काय काय करता, लिहा.

दुपारवेळ
घडीवर फाटलेल्या पत्राला सेलोटेप लावू नका!! काही वर्षांनी पट्टी गळून पडते, गोंद मात्र कागदात मुरलेला असतो. तपकिरी डाग, कायमचा. लॅमिनेशन त्याहून वाईट, परत निघतच नाही. घडी उघडून पत्र सपाट ठेवा. स्टेपल ओढायची नाही, आधी मागचे दोन पाय बोथट सुरीने उभे करायचे, मग सुटते. गंजली असेल तर ओढताना कागदाचा तुकडाच येतो.

चष्मा_कुठेय
वाचायचं नाही म्हणे! जमलंय का कुणाला

शाईचा_डाग
नाही 😀

कोरं_पान
कसर लागली असेल तर डांबरगोळ्या नकोत, वास कागदात बसतो आणि बंद खोलीत डोकं धरतं. गठ्ठा प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बांधा, फ्रीजरमध्ये (उणे १८) २ आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही! गार कागदावर दव धरतं आणि शाई फुटते. एक दिवस तशीच राहू द्या. फोटो यात घालू नका, फक्त कागद.

चष्मा_कुठेय
म्हणजे बर्फाच्या ट्रेशेजारी प्रेमपत्रं. चालेल.

दुपारवेळ
तुमची तिथेच बरी 😂

उभी_रेघ
फोटोंचं कुणी बोललं नाही. चिकट पानांचे अल्बम, वर प्लास्टिकचा पापुद्रा असलेले, ते सगळ्यात घातक. फोटो नखाने उचकटला की कोपरा दुमडतो आणि वरचा थर तडकतो. दात साफ करायचा दोरा फोटोखाली सरकवा, करवतीसारखा मागेपुढे, हळूहळू. काचेला चिकटलेला फोटो मात्र अजिबात ओढू नका, काचेसकट स्कॅन करा. स्कॅन करताना पत्रांना ३०० डीपीआय (इंचाला किती ठिपके) पुरतं, लहान फोटोंना ६००.
मागे नावं लिहायची तर मऊ पेन्सिलने, फोटो पालथा सपाट ठेवून. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला चेहऱ्यावर उमटतो. गुळगुळीत कागदावर पेन्सिल उठत नाही, तिथे नाव पाकिटावर.

कोरं_पान
+१. आणि "आई, काकू, मी" असं लिहू नका. कुणाची आई? पूर्ण नाव लिहा.

जुना_आवाज
थोडं अवांतर. खोक्यात कॅसेट निघाली तर लगेच लावू नका. आत फेल्टची बारकी गादी असते, ती टेपला प्लेअरच्या हेडवर (आवाज वाचणाऱ्या भागावर) दाबून धरते. तिचा गोंद सुकून ती गळली की आवाज दबका येतो, आणि माणसं म्हणतात टेप खराब झाली. आवाज टेपवर असतोच. आधी पेन्सिल घालून चाक हाताने फिरवून बघा, मोकळं फिरलं तर एकदा पूर्ण पुढे, पूर्ण मागे, मग ऐका. आणि पहिल्याच वेळी रेकॉर्डिंग चालू ठेवा, दुसऱ्यांदा वाजेलच असं नाही.

चष्मा_कुठेय
षटकोनी पेन्सिल घ्या, गोल पेन्सिल चाकात नुसती फिरते.