गोसीखुर्दच्या पाण्यावरची बोट: ओढायचा दोर नेमका कुठे बांधावा?

विषय: स्की आणि ट्यूबसाठी दोर कुठे बांधावा? (बोट पवनीला आहे)
प्रेषक: मूळ पवनीचा सदस्य

मंडळींनो, नमस्कार.

पुतण्याकडे १८ फुटी फायबरची बोट आहे, मागे बाहेर टांगलेलं ११५ अश्वशक्तीचं आउटबोर्ड इंजिन. गोसीखुर्द धरणाच्या बुडित क्षेत्रात चालवायला जलसंपदा विभागाची लेखी परवानगी घेतली आहे. दिवाळीनंतर पाणी भरपूर असताना बोटीमागे दोन जणांची हवा भरलेली ट्यूब ओढायची आहे आणि पोरांना पाण्यावरची स्कीही शिकवायची आहे. ट्रान्समच्या, म्हणजे बोटीच्या मागच्या उभ्या फळीच्या, दोन्ही कोपऱ्यांत ८ मिमीचा एकेक यू-बोल्ट आहे, दोघांमधलं अंतर १.४ मीटर. डेकवर मागे दोर गुंडाळून बांधायच्या दोन क्लीटही (धातूच्या खुंट्या) आहेत. पुतण्या म्हणून राहिला की एका क्लीटलाच दोर बांधला तं काय बिघडते? मला ते पटत नाही, पण काहून नको ते त्याला नीट सांगता आलं पाहिजे. मी बाहेर राहतो, इकडून विमानाने येणारच आहे, बॅगेत काय आणू तेही सांगा.

---

उत्तर: स्की आणि ट्यूबसाठी दोर कुठे बांधावा?
प्रेषक: काका (बोटदुरुस्ती)

भाऊ, क्लीटला मुळीच नाही. क्लीट असते धक्क्याला बोट बांधून ठेवायला. बऱ्याच बोटींत ती डेकच्या पातळ फायबरवर नुसत्या स्क्रूने बसवलेली असते, खाली पट्टीही नसते. ट्यूबचं तोंड पाण्यात घुसलं की दोराला जो हिसका बसतो त्यात स्क्रू उपटतात, आणि ताणलेला दोर ती धातूची क्लीट घेऊन थेट ट्यूबवरच्या माणसाकडे जातो. दुसरं, ती एका कोपऱ्यात आहे. सगळा ओढा एकाच बाजूने आला की बोट सरळ चालवायला चालकाला सारखं स्टिअरिंग ओढून धरावं लागतं. पुतण्याला ही दोन्ही कारणं सांगा.

आता यू-बोल्ट. मागचे यू-बोल्ट पुष्कळदा ट्रेलरवर बोट आवळायला दिलेले असतात, माणसं ओढायला नाही. बोटीच्या पुस्तिकेत ओढण्याचा उल्लेख असेल तरच तसे वापरा. नसेल किंवा पुस्तिकाच नसेल तर ते बदलायचे असं धरून चला.

त्याआधी ट्रान्सम तपासा, आणि हे काम घाईत उरकू नका. आपल्याकडच्या बहुतेक फायबर बोटींच्या ट्रान्सममध्ये प्लायवूड असतं. बोल्टच्या भोकातून पाणी आत गेलं की ते आतल्या आत कुजतं आणि बाहेरून चकचकीत फायबर दिसत राहतं. प्लास्टिकच्या हातोडीने बोल्टभोवती आणि इंजिनाखाली ठोकत जा. टणक, कोरडा आवाज आला तर लाकूड शाबूत आहे. बद्द आवाज आला, बोल्टखालून तपकिरी ओघळ दिसले किंवा आतून वॉशर लाकडात रुतलेला दिसला तर थांबा. मग इंजिन वर उचलून त्याच्या खालच्या टोकावर हाताने वरखाली दाब द्या आणि दुसऱ्याला ट्रान्समकडे पाहायला सांगा. ट्रान्समची फळी लवताना दिसली तर दोराचा विषय बाजूला ठेवा, आधी ट्रान्सम दुरुस्त करा. कुजलेल्या लाकडात कितीही जाड बोल्ट घातला तरी तो उपटणारच.

फळी चांगली असेल तर ३१६ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचे १० मिमीचे, ओढण्यासाठी म्हणून विकले जाणारे यू-बोल्ट घ्या. आतून प्रत्येकाला ५ ते ६ मिमी जाडीची, साधारण १०० बाय ७५ मिमीची स्टेनलेस किंवा सागरी ॲल्युमिनियमची पट्टी लावा. नुसते मोठे वॉशर पुरत नाहीत. भोक आधी मोठं पाडा, इपॉक्सीने भरा आणि सुकल्यावर त्यातूनच हव्या मापाचं भोक पाडा. म्हणजे प्लायवूडची कापलेली कड उघडी राहत नाही आणि पाण्याला वाट मिळत नाही. सीलंट पॉलियुरेथेनचा घ्या, बाथरूमचा सिलिकॉन नको. नट एकदम करकचून आवळू नका, सगळा सीलंट बाहेर येतो. आधी बेताचा आवळा, सीलंट सुकल्यावर पाव फेरा आणखी द्या. स्टेनलेसवर स्टेनलेस नट कोरडा फिरवला की आटे एकमेकांना चिकटतात, मग बोल्ट कापावाच लागतो. म्हणून आट्यांना अँटी-सीझ (आटे चिकटू न देणारं वंगण) लावा. नट नायलॉन-लॉकचेच. भोक पाडण्याआधी मागे इंधनाची नळी आणि स्टिअरिंगची केबल कुठून जाते ते पाहून घ्या.

या दोन बोल्टांमध्ये ब्रायडल लावायचा, म्हणजे व्ही आकाराचा दुपायी दोर, आणि त्याच्या टोकाला मुख्य दोर. इथे मापाला फार महत्त्व आहे. अंतर १.४ मीटर आहे म्हणता, तर प्रत्येक पाय १.८ मीटरचा ठेवा. सरळ ओढताना टोकाचा कोन सुमारे ४६ अंश होतो, प्रत्येक पायावर एकूण ओढ्याचा ५४ टक्के भार येतो आणि टोक ट्रान्समपासून १.६५ मीटर मागे राहतं. पाय ८० सेंटिमीटरचे केले तर कोन १२० अंशांच्या पुढे जातो, प्रत्येक पायावर पूर्ण ओढ्याहूनही जास्त भार येतो आणि टोक जेमतेम ४० सेंटिमीटर मागे राहतं, म्हणजे इंजिनावरच आपटतं.

टोकाला नुसती गाठ नको, पुली घ्या. गाठ एका जागी घट्ट असते, त्यामुळे स्कीअर, म्हणजे स्कीवरचा माणूस, उजवीकडे बराच बाहेर गेला की उजवा पाय ढिला पडतो आणि सगळा भार एकट्या डाव्या बोल्टवर येतो. पुली सरकते, दोन्ही पायांत ताण सारखा राहतो. तरीही प्रत्येक बोल्ट एकट्याने पूर्ण भार घेईल असाच बसवा, कारण पुलीत रेती गेली की ती अडकते. पुलीजवळ फोमचा तरंगा हवाच, नाही तं दोर ढिला पडताच ब्रायडल प्रॉपेलरकडे बुडतो. आणि रिव्हर्स टाकण्याआधी ब्रायडल हाताने बोटीत ओढून घ्यायचा, प्रत्येक वेळी.

---

उत्तर: स्की आणि ट्यूबसाठी दोर कुठे बांधावा?
प्रेषक: ताई (स्की प्रशिक्षण)

काकांनी ट्रान्समबद्दल लिहिलं ते आधी करा. ट्यूबसाठी ब्रायडलच योग्य. स्कीच्या बाबतीत मात्र माझं मत थोडं वेगळं आहे.

ओढ ट्रान्समवर असली की स्कीअर उजवीकडे गेला की बोटीची शेपटी उजवीकडे खेचली जाते आणि नाक डावीकडे वळतं. स्कीच्या खास बोटींमध्ये इंजिन मधोमध असतं आणि पायलॉनही (दोर अडकवायचा खांब) बोट जिथून वळते त्याच्या जवळ उभा असतो, म्हणून त्या सरळ धावतात. तुमच्या बोटीत तसं करता येणार नाही. दोन स्कींवर उभं राहायला शिकणाऱ्यांना ब्रायडल पुरतो, कारण ती पोरं बोटीच्या मागेच राहतात. पुढे एका स्कीवर जोरात डावी-उजवीकडे पाणी कापत जायला लागली तर ट्रान्सम आणि फ्लोअर दोन्हींना टेकू देणारा, इंजिनाच्या टोपावरून दोर मोकळा जाईल इतकाच उंच पायलॉन बसवा. नुसता फायबरच्या फ्लोअरवर बोल्ट मारलेला खांब उपटतो. खाली बोटीच्या उभ्या बीमचा आधार हवा.

दोन मीटरचा उंच खांब किंवा वेकबोर्डचा (एका रुंद फळीवर उभं राहायच्या खेळाचा) टॉवर घेण्याचा मोह होईल. त्यावरून ट्यूब कधीच ओढू नका. ट्यूबचा ओढा स्कीअरपेक्षा फार मोठा आणि अचानक असतो, आणि इतक्या उंचीवरून तो बोटीला एका कुशीवर झुकवतो. टॉवरचे पाय वाकणं हे त्याच्या आधीचं लक्षण.

पायलॉनवर दोर अडकवताना हूक नको. दोराच्या टोकाचा फास, वासराच्या दाव्याचा घालतो तसा, खांबाच्या खाचेत दुहेरी ओवा. ताण आला की तो आणखी घट्ट बसतो आणि दोर ढिला पडला तरी निसटत नाही.

दोर दोन वेगळे घ्या. स्कीचा दोर हँडलसह २३ मीटरचा असतो, पॉलिप्रॉपिलीनचा, तरंगणारा. तो किंचित ताणतो आणि त्यामुळे हातांना झटका कमी बसतो. शिकणाऱ्यांना थोडा आखूड, १८ मीटरच्या आसपासचा चालतो. ट्यूबचा दोर १५ ते २० मीटर लांब आणि जाड. दोन जणांच्या ट्यूबला दोराची तुटण्याची क्षमता निदान १,०८० किलो हवी, चार जणांना १,८६० किलो. पाकिटावर माणसांची संख्या छापलेली असते, ती ट्यूबवरच्या माणसांशी जुळली पाहिजे. ब्रायडलही त्याच ताकदीचा घ्या. स्कीच्या दोराने ट्यूब ओढायची नाही, एकटा पोरगा बसला असला तरी.

---

उत्तर: स्की आणि ट्यूबसाठी दोर कुठे बांधावा?
प्रेषक: मूळ पवनीचा सदस्य

काका, ताई, खूप आभार. एक राहिलं. पवनीच्या दुकानात मच्छीमारांची हिरवी दोरी स्वस्त मिळते, नायलॉनचा जाड दोरही मिळतो. त्यातलं ब्रायडलला काही चालेल का? आणि दोर यू-बोल्टला गाठ मारून बांधायचा की हूकने?

---

उत्तर: स्की आणि ट्यूबसाठी दोर कुठे बांधावा?
प्रेषक: ताई (स्की प्रशिक्षण)

नायलॉन बिलकुल नको. तो बुडतो, म्हणून प्रॉपेलरमध्ये जातो. शिवाय तो रबरासारखा लांबतो, आणि तुटला की सगळी साठलेली ताकद घेऊन बोटीत परत येतो. मागच्या सीटवर ओढल्या जाणाऱ्यांकडे पाहणारा बसलेला असतो, दोर त्याच्याच अंगावर येतो.

हिरवी दोरी बहुधा पॉलिथिलीन किंवा पॉलिप्रॉपिलीनची असते आणि तरंगते, पण तिची तुटण्याची क्षमता कुठेच लिहिलेली नसते. ती दुकानात किती दिवस उन्हात टांगलेली होती तेही कळत नाही. या जातीच्या दोराचा खरा शत्रू ऊन आहे. विदर्भात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो, त्या उन्हात बोटीतच पडलेला दोर दिसायला शाबूत असला तरी निम्मा मेलेला असतो. बोटाने चोळल्यावर रंगाची पावडर निघाली किंवा पृष्ठभाग केसाळ झाला असेल तर टाकून द्या. वापर झाला की दोर वाळवून बंद पिशवीत, सावलीत ठेवा.

गाठही नको. गाठीने दोराची ताकद जवळपास निम्मी होते. कारखान्यात फास विणून दिलेला ब्रायडल घ्या आणि तो यू-बोल्टला ३१६ स्टेनलेसच्या शॅकलने (पिनेने बंद होणाऱ्या कडीने) जोडा. शॅकलवर सुरक्षित भार कोरलेला असला पाहिजे. नसेल तर घेऊच नका. पिन आवळून तारेने बांधून टाका, नाही तर हादऱ्याने ती सुटते. स्प्रिंगचा हूक सोयीचा असतो, पण दोर ढिला-ताठ होताना तो यू-बोल्टवर उलटा पडून आपोआप उघडू शकतो.

---

उत्तर: स्की आणि ट्यूबसाठी दोर कुठे बांधावा?
प्रेषक: काका (बोटदुरुस्ती)

भाऊ, बॅगेत आणा: १० मिमीचे २ यू-बोल्ट, २ शॅकल, पुली आणि तरंग्यासह ब्रायडल, स्कीचा दोर हँडलसकट आणि ट्यूबचा दोर. पट्ट्या नागपुरात कापून मिळतील. सीलंट विमानात आणण्याच्या भानगडीत पडू नका, इपॉक्सी आणि सीलंट तिकडेच घ्या.

पाण्याबद्दल पुतण्याला बजावून सांगा. बुडित क्षेत्रात झाडांची खुंटं उभी आहेत आणि पाणी जसं उतरतं तशी ती पृष्ठभागाजवळ येतात. दिवाळीनंतर मोकळी वाटलेली रेघ मार्चमध्ये मोकळी असेलच असं नाही. ज्या रेघेवर ओढायचं ती आधी हळू चालत, काठीने खोली मोजत पाहून घ्या. स्कीअर दोराच्या लांबीइतका बाजूला जातो, तेव्हा दोन्ही बाजूंना ४० ते ५० मीटर मोकळं पाणी हवं. ढिवर बांधवांची जाळी कुठे लागतात ते त्यांच्या संस्थेत रोज सकाळी विचारा. जाळं प्रॉपेलरमध्ये गेलं तर तुमचं इंजिन थांबेल, पण नुकसान त्यांच्या पोटाचं होईल. धरणाच्या ३३ दारांकडे तोंड करून ओढायचंच नाही. गावच्या मामा (माजी मालगुजारी) तलावात तर हा प्रयोग अजिबात नको. ते उथळ असतात, शिंगाड्याचे वेल आणि जलपर्णी पंख्याला गुंडाळतात.

चालक एक आणि मागे तोंड करून बसलेला पाहणारा एक, दोघं पाहिजेतच. चालकाच्या अंगाला किल-स्विचची (चालक पडला की इंजिन बंद करणाऱ्या बटणाची) दोरी आणि सगळ्यांना लाइफ जॅकेट. ट्यूबवर मोठी माणसं असतील तर वेग ताशी ३० किलोमीटरपर्यंत, लहान पोरं असतील तर २० च्या आत. आधी हळूच दोर ताठ करायचा, मगच थ्रॉटल द्यायचा. माणसाला बोटीत घेताना इंजिन बंद करायचं. न्यूट्रलवर भागवू नका.

पहिल्या दिवशी रिकामी ट्यूब दहा मिनिटं ओढा, दोन्ही बाजूंना वळणं घ्या. काठाला आल्यावर आतून दोन्ही पट्ट्यांवर हात फिरवा. ओल लागली किंवा नट बोटाने हलला तर दोर काढून ठेवा आणि मला फोटो पाठवा.